टाळूतली सुई

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘येथे दात न दुखता काढले जातात.’ कोणाला न दुखता, ते लिहिलेलं नव्हतं. नाशकात इतकी वर्षं मी लोकांचे दात काढले, मला एकदाही दुखलं नाही. तेव्हा पाटी खोटी होती असं कोणाला म्हणता येणार नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘धंद्यातल्या गमती’ मागितल्या आहेत. दातांच्या डॉक्टरपाशी गमती असतात अशी समजूत ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांचीच असते. तरी दोन सांगतो. तिसरी गंमत नाही, पण लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे. पन्नाशी आली. आता नाही लिहिलं तर मी गेल्यावर कोणीतरी माझ्या हलक्या हाताबद्दल चार चांगल्या ओळी छापून आणेल, आणि त्या वाचून पंचवटीत एक बाई गप्प बसेल. ती गप्प बसते याचा फायदा मी एकदा पुरेपूर घेतलेला आहे.

ही हकिगत मागच्या महायुद्धाच्या आधीची, तीस सालानंतरची. मुंबईत एका पारशी डॉक्टरच्या हाताखाली तीन वर्षं काढून मी नाशकात आलो, मेन रोडला वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि पाटी लावली. त्या काळी दात काढायचा म्हणजे माणूस न्हाव्याकडे, सोनाराकडे किंवा ज्याच्याकडे सांडशी असेल त्याच्याकडे जायचा. माझ्याकडे सांडशीपेक्षा जास्त काय होतं, तर बधिर करण्याचं औषध.

ते औषध म्हणजे नोव्होकेनच्या गोळ्या. चिनी मातीच्या वाटीत मिठाचं पाणी घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं, त्यात गोळी विरघळवायची आणि ते काचेच्या पिचकारीत भरायचं. वरच्या पुढच्या दातांचं काम त्यातल्या त्यात सोपं. खालच्या जबड्याचं हाड टणक असतं, तिथे शीर नेमकी कुठे आत शिरते ते हुडकावं लागतं. वरचं पुढचं हाड पातळ आणि सच्छिद्र. ओठ उचलायचा, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात त्या घडीत, मुळाच्या टोकाच्या अंदाजाने सुई घालायची आणि औषध सावकाश सोडायचं. ते हाडातून झिरपत मुळापर्यंत जातं. झिरपायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात ओठ जड होतो, आणि रोगी आरसा मागतो, कारण ओठ डाळिंबाएवढा सुजलाय अशी त्याची खात्री झालेली असते.

पण ही झाली बाहेरची बाजू. दाताची आतली बाजू वेगळी शीर सांभाळते. समोरच्या दोन दातांच्या मागे टाळूला जीभ लावून बघा, डाळीएवढा उंचवटा लागेल. ती शीर त्याच्याखालून बाहेर येते, आणि दुसरी सुई तिथे द्यावी लागते. तिथली कातडी हाडाला गच्च चिकटलेली असते, औषधाला शिरायला जागाच नसते, त्यामुळे ते दाबून घालावं लागतं. माझ्या माहितीत त्या सुईला हसतमुखाने सामोरा गेलेला माणूस नाही. वाचकांची जीभ अजून तिथेच असेल, ती आता काढायला हरकत नाही.

पारशी डॉक्टरांचे नियम तीन. दोन्ही सुया द्यायच्या. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. तिसरा नियम ते माझा कान धरून सांगत. “तोंड खोटा बोलते, डिकरा. माणूस शरमेने ‘नाय दुखत’ बोलते. पायाचा अंगठा खोटा बोलत नाय. हात तोंडात ठेव, नजर पायावर ठेव.”

अंगठा वळला, बोटं आवळली, की हात थांबवायचा. एवढं सोपं होतं.

आता गमती. भद्रकालीच्या एका तालमीतला पैलवान आला. मान माझ्या कमरेएवढी. समोरचा दात कुस्तीत हललेला. पहिली सुई त्याने डासाइतकीही मोजली नाही. दुसरी टाळूत गेली तसं त्याने माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी मिशांवर आलं होतं.

“डॉक्टर,” तो हळूच म्हणाला, “एका सुईचं बोलणं झालं व्हतं.”

“दोन लागतात, पैलवान.”

“मंग ही दुसरी तुमाला लखलाभ.” तो उठला, जड ओठ आणि हलता दात घेऊन जिना उतरला आणि खाली पानाच्या दुकानाशी उभा राहून त्याने माझी जी कीर्ती सांगितली तिच्यामुळे आठवडाभर भद्रकालीतून कोणी फिरकलं नाही. मी धडा घेतला. पैलवानाला दुसऱ्या सुईची आधी कल्पना द्यायला हवी होती, हा खरा धडा होता. मी घेतला तो वेगळा. जो ओरडणार नाही, त्याला दुसरी सुई द्यायचीच कशाला?

त्यानंतर माझं स्वतःचं शास्त्र तयार झालं. वकील, मामलेदार, फौजदार यांना दोन सुया आणि पाच मिनिटं. शेतकरी, हमाल, टांगेवाले यांना एक सुई आणि दोन मिनिटं. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. कष्टकऱ्यांच्या टाळूत शीर कमी असते हा शोध माझा.

पिंपळगाव बसवंतचे एक म्हातारे शेतकरी आले होते. त्यांचा वरचा दात मी असाच एका सुईवर काढला. ते खुर्चीत पुतळ्यासारखे बसून होते. दात हातात देऊन मी विचारलं, “बाबा, दुखलं नाही ना?”

“दुखलं ना. लय दुखलं.”

“मग बोलायचं नाही का?”

“तुमी इतकं मन लावून वढीत व्हते,” म्हातारा म्हणाला, “म्हनलं, कशाला मधी बोला.”

ही गोष्ट मी पुढे किती बैठकांत सांगितली असेल. लोक पोट धरून हसत. मीही हसत असे. आपण कशाला हसतोय हे त्या वेळी मला कळत नव्हतं, असं इथे लिहायला आवडलं असतं.

बायकांचा प्रश्न याहून सोपा होता. बाई एकटी कधी येत नसे. बरोबर नवरा, दीर, सासरा कोणीतरी असे, आणि दुखतंय का हे मी त्यालाच विचारत असे. उत्तर दर वेळी ‘नाही’ येई. वेदनारहित दंतवैद्यकाची याहून उत्तम सोय जगात कुठे नसेल.

अशात पंचवटीतले एक गुरुजी सुनेला घेऊन आले. गुरुजी तीर्थोपाध्याय, म्हणजे परगावाहून गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करणारे. इंदूरपासून खानदेशापर्यंतची घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे उतरत. त्यांचा शब्द रामकुंडाच्या पायऱ्यांवरून चार जिल्ह्यांत जाई. सूनबाई अठरा-एकोणीस वर्षांच्या. विहिरीवर रहाटाचा दांडा तोंडावर बसून समोरचा एक दात मोडला होता, आणि राहिलेला तुकडा ठणकत होता.

गुरुजींनी दात काढायचा मुहूर्त पाहिला होता. असं कोणी करत नाही असं समजू नका. क्षौर, प्रवास, नवं वस्त्र, सगळं पंचांगावर चालणाऱ्या घरात दातानेच काय घोडं मारलं आहे?

“दहाच्या आत दात बाहेर आला पाहिजे, डॉक्टर,” गुरुजी म्हणाले. “दहाला भद्रा लागते. भद्रेत शरीराचा अवयव वेगळा करणं आमच्यात चालत नाही.”

“आता किती वाजले?”

त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं. “पावणेदहा. मघाच निघालो होतो, पण पुलावर यजमान भेटले.”

पाणी उकळून गोळी विरघळेपर्यंत दहाला तीन मिनिटं राहिली. मी बाहेरची सुई दिली. सूनबाईंनी डोळे मिटले, एवढंच. गुरुजी समोर स्टुलावर घड्याळ उघडं धरून बसले होते.

मी म्हणू शकत होतो की गुरुजी, पाच मिनिटं थांबावं लागेल, नाहीतर दुपारचा मुहूर्त बघा. पण गुरुजींचे यजमान माझ्या डोळ्यांपुढे जिन्यावर रांग लावून उभे होते. दुसरी सुई दिली आणि सूनबाई ओरडल्या तर ती रांग पैलवानाच्या मागोमाग उतरून जाणार होती.

“बधिर झालं का?” गुरुजींनी विचारलं.

मी त्यांनाच उलट विचारलं, “दुखतंय का त्यांना?”

“छे. आमच्याकडच्या मुली रडव्या नाहीत. सूनबाई, नाही ना दुखत?” आणि त्यांनीच सांगितलं, “नाही दुखत. चालू द्या.”

मी पक्कड घेतली. सुईला मिनिटभर झालं होतं. मोडक्या दाताची पकड हिरडीच्या खाली, आतल्या बाजूला घ्यावी लागते, म्हणजे जिथे औषधाचा थेंबही गेला नव्हता तिथे. मी दात फिरवायला सुरुवात केली.

माझ्या खुर्चीला पाय ठेवायला लोखंडी पट्टी होती. सूनबाईंच्या पायात चांदीची जोडवी होती. पट्टीवर टक् आवाज झाला. मग पुन्हा. मग भराभर, कोणी पाटीवर पेन्सिल आपटावी तसा. मी खाली पाहिलं. अंगठे वळले होते, बोटं पट्टीभोवती आवळली होती, आणि दोन्ही पाय थरथरत होते. तोंडातून मात्र आवाज नव्हता. सासऱ्यासमोर तोंडातून आवाज काढायचा नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. पायाचं त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं.

मी पाहिलं. हात थांबवला नाही. दात निघाला तेव्हा दहाला एक मिनिट कमी होतं.

गुरुजींनी घड्याळ मिटलं. “हूं नाही की चूं नाही. डॉक्टर, याला म्हणतात हात.” मग सुनेकडे वळून म्हणाले, “डॉक्टरांना नमस्कार कर.”

तोंडात कापसाचा बोळा धरून, पदर सावरत, त्यांनी वाकून मला नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. तो तोंडातून अगदी सहज आला.

पुढची आठ वर्षं माझी भरभराट झाली. स्नान, श्राद्ध, सीतागुंफा, तपोवन आणि मग मेन रोडचे दातांचे डॉक्टर, असा गुरुजींच्या यात्रेकरूंचा क्रम ठरून गेला. “आमच्या सूनबाईचा दात काढला, बसल्या जागी हललीसुद्धा नाही,” असं गुरुजी प्रत्येकाला सांगत. सूनबाईंना तिथे नवा दात बसवावा म्हणून मी दोन-तीनदा निरोप धाडला. गुरुजी म्हणत, “तिलाच नको आहे. साधी आहे हो, नटण्याची हौस नाही.” मी तेही चारचौघांत कौतुकाने सांगत असे.

आणखी एक गोष्ट केली. त्याच आठवड्यात पेठेतल्या मोच्याला बोलावून खुर्चीच्या त्या लोखंडी पट्टीवर जाड कातडं शिवून घेतलं. पाय ठेवायला मऊ लागतं, असं रोग्यांना सांगितलं. त्यानंतर पट्टी कधी वाजली नाही.

आठ वर्षांनी एका सकाळी एक बाई लहान मुलीला घेऊन जिना चढून आल्या. बरोबर पुरुष कोणी नव्हता. पदर तोंडाशी धरलेला. मी ओळखलं नाही. पंचवटीच्या गुरुजींचं नाव घेतल्यावर ओळखलं.

“मामंजींना आता चालवत नाही,” त्या म्हणाल्या. “ते यांना पाठवणार होते वेणूबरोबर. मी म्हटलं, मी नेते.”

वेणू सात वर्षांची. समोरचा दुधाचा दात पडायचं नाव घेत नव्हता आणि त्याच्यामागून पक्का दात तिरपा डोकावत होता. काढायलाच हवा होता.

“गुरुजींनी मुहूर्त दिला असेल,” मी म्हणालो.

“साडेआठचा दिला होता. तो टळेपर्यंत आम्ही पुलावर थांबलो.”

मी स्पिरिटचा दिवा पुढे ओढला. त्या पुढे म्हणाल्या, “आता तुम्हाला कसली घाई नाही.”

मी वाटीत पाणी ओतलं. पाठमोराच विचारलं, “त्या वेळी… तुम्हाला फार त्रास झाला होता का?”

“सगळं कळत होतं.”

“बोलला का नाहीत, वहिनी?”

“मला विचारलं कुठे होतंत तुम्ही? मामंजींना विचारलंत.” मग म्हणाल्या, “आणि बोलायचं काय राहिलं होतं? तुम्ही माझ्या पायाकडे पाहिलंत. तुम्ही पाहताना मी तुम्हाला पाहिलं.”

आठ वर्षं मी समजत होतो की ती गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक आहे. त्या वेळी त्यांनी डोळे उघडले असतील हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

वेणू खुर्चीत चढून बसली. पाय पट्टीपर्यंत पुरत नव्हते, म्हणून मी पट्टी वर सरकवली. तिच्या आईने कातड्यावरून बोट फिरवलं. “हे तेव्हा नव्हतं,” त्या म्हणाल्या. मी पिचकारी भरत राहिलो. त्या मुलीच्या पायांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिली सुई वेणूने कपाळाला आठ्या घालून सोसली. मग मी तिला म्हणालो, “आता अजून एक आहे, आत टाळूत. ती दुखेल.”

“मग नका देऊ.”

“नाही दिली तर दात काढताना जास्त दुखेल.”

तिने विचार केला. “आईला नव्हतं दुखलं. आजोबा सगळ्यांना सांगतात.”

मी वर पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होत्या, मदत करण्याचा कसलाही विचार नसल्यासारख्या.

“आजोबांना माहीत नाही,” मी म्हणालो. “आईला फार दुखलं होतं. मी ही दुसरी सुई दिली नव्हती, आणि थांबलोही नव्हतो. चूक माझी होती.”

एवढी चार वाक्यं म्हणायला मला आठ वर्षं लागली, आणि म्हटली ती एका सात वर्षांच्या मुलीला. तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिला व्यवहाराचं विचारायचं होतं. “किती वेळ दुखेल?”

“दहा आकडे मोजेपर्यंत.”

“मी मोजणार. तुम्ही नाही.”

सुई टोचल्याबरोबर तिने एक ते दहा एका दमात मोजले, माझा हात धरून ढकलला आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या पानवाल्याने वर मान केली असणार. बाहेर बाकावर तीन माणसं बसली होती. त्यांतले दोघे गुरुजींनी धाडलेले यजमान होते. तिघांच्या चपला जिन्यावरून उतरताना ऐकू आल्या.

“दहा झाले होते,” वेणू मला रडत रडत म्हणाली. “तुम्ही अजून टोचत होता.”

“तू घाईने मोजलेस.”

“मग सांगायचं ना सावकाश मोज म्हणून.”

तिचं बरोबर होतं. मी हात आखडता घेतला, थोडं थांबलो आणि राहिलेलं औषध तिला विचारून, तिने मान हलवल्यावर, थेंबाथेंबाने सोडलं. मग घड्याळ लावलं. पाच मिनिटं पुरी होऊ दिली. वेणूने आरसा मागितला आणि ओठ सुजलेला नाही हे पाहून तिला जरा वाईटच वाटलं. मी टोकदार सळीने हिरडी बाहेरून टोचली, आतून टोचली, दर वेळी तिलाच विचारलं. नाही, नाही, नाही. मग पक्कड लावली. नजर पायांवर ठेवली. तिच्या आईचीही तिथेच होती. छोटी पावलं पसरलेली होती, एक पाय तर ती कंटाळल्यासारखा हलवत होती.

“कधी काढणार?” वेणूने विचारलं, तेव्हा दात माझ्या हातात होता.

तिच्या आई हसल्या. हसताना पदर आपोआप तोंडावर गेला. आठ वर्षं ज्याला गुरुजी आणि मी साधेपणा म्हणत होतो ते हेच. पदर क्षणभर सरकला आणि समोरची ती रिकामी जागा मला दिसली.

“वहिनी, तो दात मी बसवून देतो,” मी म्हणालो. “सुई लागत नाही. नुसतं माप घ्यायचं असतं.”

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

“या खुर्चीत बसावं लागेल ना?”

“हो.”

“मग राहू द्या,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मुलीचा दात कागदात बांधून घेतला, तिचा हात धरला आणि जिन्याशी जाऊन म्हणाल्या, “वेणू, डॉक्टरांना येते म्हण.” नमस्कार करायला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पाटी उतरवली, असं लिहिलं तर लेख चांगला संपेल. पाटी पुढे दोन वर्षं तिथेच होती. गिऱ्हाईक येत होतं, आणि माणूस माझ्यासारखा असला म्हणजे पश्चात्ताप पोटाच्या आड येऊ देत नाही. संध्याकाळी मी केलं ते एवढंच, की कात्री घेऊन खुर्चीपाशी बसलो आणि पट्टीवरचं कातडं उसवलं. मोच्याने शिवण पक्की घातली होती, बराच वेळ लागला.

ती पट्टी आजही उघडी आहे. हिवाळ्यात पायांना गार लागते, अशी तक्रार लोक करतात. कधीतरी ती वाजते. जोडव्याने वाजते, वहाणेच्या खिळ्याने वाजते, काठी लागूनही वाजते. दर वेळी माझा हात थांबतो आणि मी खुर्चीतल्या माणसालाच विचारतो. पुष्कळदा उत्तर येतं, काही नाही हो डॉक्टर, पाय सरकला. तरी मी घड्याळ पुन्हा लावतो.